उकंडाबुवाची कवळी आणि पोळ्याची झडती

कापूस वेचताना ओटीत एक-एक बोंड पडतं, तेव्हा त्याचं वजन काही कळत नाही. संध्याकाळी उठायला गेलं म्हणजे कमरेला कळतं. किश्श्यांचंही तसंच आहे बघा. तुळशीराम सुताराच्या अंगणात आम्ही चार माणसं रोज टेकायचो. तो चाकं भरायचा, आम्ही गप्पा भरायचो. किस्से गोळा करायचे असं कोणाच्या मनातही नव्हतं. पण आता नात म्हणते, "आबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते," आणि सांगायला बसलं की ओटी उचलत नाही!

त्यातले निम्मे किस्से एकट्या उकंडाबुवाचे. आणि उकंडाबुवाचे निम्मे त्याच्या कवळीचे!

गाव आमचं किन्हीराजाच्या बाजूला. तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, सगळं अकोल्यात मोडायचं. उकंडाबुवाच्या आधीची भावंडं वाचली नव्हती, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला. म्हणून नाव उकंडा. "जो उकिरड्यावरून उठला, तो काही लवकर जात नाही," असं तो स्वतःच म्हणायचा.

*

आता कवळी का आली ते सांगतो.

आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे जोडाजोडीच्या ओळी, मोठ्यानं ललकारायच्या, समोरच्याला टोमणा हाणायचा आणि शेवटी "हर हर महादेव!" आमच्या वरच्या पुऱ्याकडून, म्हणजे वस्तीकडून, उकंडाबुवा, खालच्या पुऱ्याकडून पुंजाजी. दोघं बरोबरीचे, लहानपणी एकाच वावरात ढोरं चारलेले, पण त्या दिवशी एकमेकांचे वैरी!

एका पोळ्याला बुवाचे दात गेलेले. तो तोरणाखाली उभा राहिला, छाती भरून ललकारला, आणि आधी आला वारा, मग आली थुंकी, शब्द आलेच नाहीत! पोरं खो-खो हसली. पुढं दिवाळीपर्यंत गल्लीत जो तो गाल आत ओढून फू-फू करायचा.

त्या पोळ्याच्याच संध्याकाळी बुवा सुताराच्या अंगणात येऊन बसला. मग म्हणाला, "पुढच्या पोळ्याले तोरणाखाली उभा राहीन त शब्द घेऊन राहीन. नाही त बैल कोणाच्याबी हाती देईन आन घरी बसीन."

तुळशीराम म्हणाला, "बुवा, पोळ्याले अजून वरीस हाय."

"शब्दाले बी वरीस लागते रे बाप्पा!"

*

होळी झाल्यावर बुवा मला घेऊन अकोल्याला गेला. मोटरीनं. दातांचे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी बुवाला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तोंड उघडा."

बुवानं जन्मभर बाजारात बैलांचे जबडे उघडून दात पाहिलेले. दोन दाती, चार दाती, सहा दाती, पूर्ण आले म्हणजे जुळला. आता डॉक्टर त्याच्या तोंडात बोटं घालून पाहू लागले तसा तो माझ्याकडं वळून म्हणाला, "दौलत्या, आज समजलं बैलाले कसं वाटते ते!"

मग तोंडात प्लास्टर भरून ठसा घेतला. बुवा डोळे मिटून बसला, हूं नाही की चूं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसे दात बसवू, बाबा?"

"दोन दाती नोका देऊ साहेब," बुवा म्हणाला. "जुळलेलेच द्या. आता वाढाची वाट पाहाले टाइम नाही!"

काही खेपा झाल्या आणि कवळी मिळाली. वरची वेगळी, खालची वेगळी. निघताना डॉक्टर म्हणाले, "बोलायची सवय करावी लागेल. रोज मोठ्यानं वाचत जा."

"मले वाचता नाही येत."

"मग जे पाठ असेल ते म्हणा."

बुवा एवढा खुश झाला की दवाखान्याची पायरी उतरता उतरताच सुरू झाला!

*

घरी पोचलो तर कौतिकमाय, बुवाची बायको, चुलीपुढं बसलेली. बुवा दारात उभा राहून नुसता हसला. बसलेले गाल वर आलेले, ओठ भरलेले. दहा-वीस वर्षं कोणी पुसून टाकावी तसं ते तोंड!

माय पाहतच राहिली. मग तिनं पदर डोक्यावर ओढला.

बुवा म्हणाला, "काहून वो? परका माणूस आला का घरात?"

"लग्नात मी खाली मान घालून होती," माय म्हणाली. "तुमचं तोंड आज पाह्यलं!"

*

पण दात दाखवणं सोपं, वागवणं कठीण. बुवा म्हणायचा, तोंडात दुसऱ्याचं बिऱ्हाड राहायला आल्यासारखं वाटते. घासाला चव नाही, गरम-गार समजत नाही, जीभ कुठं ठेवावी ते सुचत नाही. भाकर एका बाजूनं चावली की कवळी दुसऱ्या बाजूनं उचलायची, बैलगाडी एका चाकावर यावी तशी. दोन्ही बाजूंनी सारखं ओझं टाकून चावायला तो हळूहळू शिकला. ज्वारीची भाकर आधी वरणात, मग दुधात, मग नुसती पाण्याचा हात लावून. चिडला मात्र कधी नाही. म्हणायचा, "नवा गोऱ्हा बी पहिल्या दिवशी जू झुगारतेच. त्याले काय मारून टाकाचं असते?"

आणि ते दात वाजायचे. टक्, टक्, टक्!

एकदा मालेगावच्या बाजारातून आम्ही त्याच्या बंडीत परत येत होतो. बुवाचे बैल हरण्या आणि बादश्या, मोठे शहाणे. त्यांना काठी लागत नसे. बुवानं जिभेनं टक् टक् केलं की दुडकी धरायचे.

वाटेत बुवाला वाटलं, फुटाणे चावून पाहावे. त्यानं मूठभर तोंडात टाकले. टक् टक् टक्! बैलांनी कान टवकारले आणि दुडकी धरली. बुवा घाबरला, भराभर चावू लागला, की एकदाचे संपले म्हणजे सुटलो. टकटकटकटक! बैल चौखूर उधळले! मी बंडीची खुंटी धरून ओरडतोय, "बुवा, तोंड बंद करा! तोंड बंद करा!"

गावाच्या आखरावर, ढोरं जमतात तिथं, पुंजाजी उभा होता. त्यानं विचारलं, "अबे उकंड्या, कोठी आग लागली?"

बुवा बंडीतून ओरडला, "मी नाही हाकून राह्यलो! दात हाकून राह्यले!"

*

चैत्रात त्याची खालची हिरडी एका जागी सोलून निघाली. कवळी घातली की डोळ्यांतून पाणी. बुवानं ती काढली, धुतली आणि तुळशीरामपुढं ठेवली.

"येथी रुतते. जराशी कानस मार."

तुळशीरामनं हातातला तासायचा वाकस खाली ठेवला. कवळी उचलली नाही, नुसती वाकून पाहिली. गावात कोणाचंही काम त्यानं कधी परत पाठवलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यानं हात जोडले.

"बुवा, चाकाच्या तुंब्यात आख घासत असंल त मी पाहीन. तासलेलं परत नाही जोडता येत. ज्यानं बसवले त्याच्याचपाशी जा."

परत अकोला. डॉक्टरांनी कवळीच्या आतून काहीतरी रंग लावला, तोंडात दाबून बसवली, काढली, आणि जिथं रंग पुसला गेला होता तेवढंच घासलं. बुवा म्हणाला, "आमचा तुळशीराम बी नवा आख असाच गेरू लावून पाह्यते!"

डॉक्टर हसले. "मग त्याला माझा नमस्कार सांगा. हात लावला नाही, फार चांगलं केलं."

तो नमस्कार तुळशीरामनं पुढं किती जणांना सांगितला असेल! चाक भरून घ्यायला आलेल्या माणसाला आधी नमस्कार ऐकावा लागायचा, मग चाक मिळायचं.

*

वैशाखात पुंजाजीवर वेळ आली. दावं बांधताना गोऱ्ह्यानं मान झटकली, शिंगाचं बूड तोंडावर बसलं आणि उरलेसुरले पुढचे दात गेले. त्यातच नातीचं लग्न जवळ आलेलं.

एका सकाळी तो सुताराच्या अंगणात आला. आमच्या गावात कोणाची वस्तू कोणाला नाही, असं नव्हतं. पेरणीला तिफण एकाची, बैल दुसऱ्याचे, लग्नाला गंजं-पराती सगळ्या गावाच्या. मागायला लाज नाही, द्यायला गर्व नाही. त्याच चालीनं पुंजाजी बुवापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "उकंड्या, लग्नाचे दोन रोज तुही कवळी दे. पाव्हणे येतीन. परतीले धुऊन देईन."

तुळशीरामचा हात तिथंच थांबला. ज्याला तोरणाखाली उत्तर द्यायला बुवानं हिरड्या सोलून घेतल्या, तोच पुढ्यात मागायला उभा!

बुवानं लोटा जवळ ओढला. दोन्ही भाग काढले, लोट्यातल्या पाण्यानं खळखळून धुतले आणि पुंजाजीच्या हातावर ठेवले.

पुंजाजीनं घातले. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. वरची बसेना, खालची ठरेना, ओठ मिटेनात. लहान जू मोठ्या बैलाच्या मानेवर ठेवावं तसं झालं. शेवटी त्यानं काढून परत दिले. "काही कामाचे नाहीत तुहे दात!"

बुवा म्हणाला, "माहे दात मापातच हायेत. तुहा जबडाच पाटलाच्या फाटकाएवढा, त्याले मी काय करू!"

पुंजाजीही हसला. पण हसताना त्यानं तोंडावर हात ठेवला. तो हात बुवानं पाहिला, मीही पाहिला.

*

पाऊस लागला, पेरण्या झाल्या, निंदणं आलं. बुवाच्या शेतात तेव्हा एक वेगळाच तमाशा चालायचा. बुवा ह्या धुऱ्यावर उभा, कौतिकमाय त्या धुऱ्याला कपाशी निंदत बसलेली. मधे सगळं वावर. बुवा झडती ललकारायचा. शब्द न् शब्द मायपर्यंत पोचला तर ती हातातला विळा वर करणार, नाही तर मुकाट्यानं निंदत राहणार. असा करार!

किती दिवस तो विळा वर झालाच नाही. 'स' आला की शीळ वाजायची. जोर लावला की वरची कवळी सुटायची. बुवा ती अंगठ्यानं दाबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. हरण्या-बादश्यालाही झडत्या पाठ झाल्या असतील!

मी एकदा मायला म्हणालो, "माय, एखाद्या वेळी उगीचच करा ना विळा वर. बिचारा बुवा थकला."

"पोळ्याले सारं गाव ऐकीन," माय म्हणाली. "तवा मी उगीच विळा वर केला त काय कामाचा?"

श्रावण सरत आला. एका दुपारी मी शेजारच्या वावरात डवरा हाकत होतो. बुवाचा आवाज माझ्यापर्यंत आला, खणखणीत, चांदीचा रुपया फरशीवर पडावा तसा. मी मान वळवली. लांब, हिरव्या कपाशीच्या वर, एक विळा चमकला!

बुवा मटकन खालीच बसला.

*

आणि मग पोळा.

बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, आंब्याच्या पानांचं तोरण, हलगीचा ताल. वरचं पुरं एका बाजूला, खालचं एका बाजूला. मी बुवाच्या शेजारी बादश्याचा कासरा धरून उभा. बायाबापड्या मारुतीच्या ओट्यावर, त्यांत कौतिकमाय. बुवा ताठ उभा होता. वर्षभराचे शब्द तोंडात तयार होते.

आधी मान खालच्या पुऱ्याचा. पुंजाजी पुढं आला. त्यानं बुवाच्या कवळीवरच झडती बांधली होती. मोठी बेतून बांधली होती, ते पहिल्या ओळीवरूनच कळलं:

"अकोल्याची मोटर आली, आणले दात नवे..."

आणि पुढं आला नुसता वारा! पुढचे दात नव्हतेच ना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा वारा. पोरं हसायला लागली. आमच्या पुऱ्याची पोरं तर लोळायला लागली. गाल आत ओढून फू-फू करू लागली, मागच्या पोळ्याला बुवाला केलं होतं तसंच. पुंजाजीचा एक हात बैलाच्या वशिंडावर होता, दुसरा तोंडावर गेला.

हलगी थांबली. सगळे बुवाकडं पाहू लागले. आमच्याकडचे ओरडले, "हाणा बुवा! आता हाणा!"

बुवानं गर्दीकडं पाठ वळवली. शेला तोंडाला लावला. मग माझा हात ओढला आणि तळव्यावर काहीतरी ओलं, गरम ठेवलं.

"धर."

वरची आणि खालची, दोन्ही!

त्याचे गाल पुन्हा बसले. तो तोरणाखाली, पुंजाजीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला, आणि आधी वारा, मग थुंकी, मग सावकाश एक-एक शब्द, असं ललकारला:

"तुह्या मुखी वारा पुंजा, माह्या मुखी वारा,
बिनदाताचे दोन बैल, एकच घालजा चारा!
हर हर महादेव!"

मी ओट्याकडं पाहिलं. बायकांच्या गर्दीतून एक हात वर झाला होता. हातात विळा नव्हता, पण तसाच.

मग जो "हर हर महादेव" उठला, त्यानं बैलच बुजले आणि तोरण आपोआप तुटलं!

धुरळा बसल्यावर मी बुवाला शोधत गेलो. तो हरण्याला घेऊन खालच्या पुऱ्याकडं निघालेला, पुंजाजी बरोबर. मी मूठ पुढं केली. "बुवा, हे घ्या तुमचे दात."

"राहू दे तुह्यापाशी," बुवा चालता चालता म्हणाला. "पुंजाच्या घरी जेवाले जाऊन राह्यलो. पुरणपोळीले कायले पाह्यजेत दात?"