विटांवरची मॅटाडोर

डांबरगोळ्यांचा वास आला की मी थेट लातूरला, आमच्या यात्रेच्या मॅटाडोरमध्ये जाऊन बसतो. पावसाळ्यात ती दसऱ्यापर्यंत विटांवर चढवून, आत डांबरगोळ्या टाकून ठेवायचो. मेस्त्री रहीमचाचा बॅटरीची वायर काढायचे. "झोपू दे तिला!" ते गेले की मी वायर जोडून आत ऐटीत टेप ऐकायचो.

भूकंपाच्या सकाळी चाचा धापा टाकत आले. त्यांची लेक औशाकडच्या खेड्यात होती. बॅटरी पार उतरलेली. विटांवरच्या गाडीला धक्का तरी कसा मारणार?

"वायर काढायची मीच विसरलो का रे?"

"हाव चाचा, विसरलाव तुम्ही."

ते मिळेल त्या ट्रकनं गेले. लेक वाचली होती. चाचांनी मात्र मेस्त्रीकाम सोडलं. म्हणाले, "आता ध्यानात राहत न्हाई, बाबा."