निखिलला ऐकू न आलेली हाक

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मीच लिहिला. छान रंगीत पुस्तिका निघाली, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात हे नाही. बायकोला सांगितलेलं नाही, देवासमोर उभा राहिलो तरी मनातल्या मनात विषय बदलतो. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

सिडनीत फुटबॉल म्हटलं की लोक भलतंच काही समजतात. आमचा खेळ कॅनडाचा — हेल्मेट, खांद्यांवर पॅड, एका बाजूला बारा जण. कॅनडाहून आलेल्या एका कोचने केलीव्हिलजवळच्या मैदानावर आमची ज्युनियर टीम उभी केली. त्यात मराठी आम्ही दोघेच, युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, पहिल्या वर्षाला — मी आणि निखिल. या खेळात चेंडू हाताने फेकतात, आणि आमच्यात तो निखिल फेकायचा. फेकणाऱ्याची नजर पुढे, डाव्या अंगाने पाठीमागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती बाजू माझी. येणाऱ्याला अडवायचं, आणि निसटलाच तर ओरडायचं — "मागे!" मराठीत, म्हणजे समोरच्यांना पत्ता लागत नाही. कोचला ही युक्ती भारी आवडायची. युक्ती निखिलची. पुस्तिकेत मी ती माझ्या नावावर टाकलीय — पण ते किरकोळ, ते सांगायला मी बसलेलो नाही.

कोच एका मुलाला कॅनडातल्या ज्युनियर टीमकडे पाठवणार होता. त्याने निखिलला निवडलं. मला वाटलं होतं, मला निवडेल. का वाटलं होतं? मी बरा खेळायचो. बस, बरा. निखिलने मला कडकडून मिठी मारली, म्हणाला, तुझ्यामुळे झालं हे. ती मिठी मला सहन झाली नाही.

पुढच्याच शनिवारी मॅच. समोरचा एक धिप्पाड गडी माझ्या हातातून निसटला — खरंच निसटला, तेवढं खरं. निखिल पुढे बघत होता. ओरडायला वेळ होता का? होता. एकच तर शब्द. तो अगदी ओठांवर आला होता — आणि मी तोंड मिटलं.

तो गडी मागून आदळला आणि निखिलचा खांदा मोडला. फेकायच्या हाताचा. कॅनडा राहिलं ते राहिलंच. मी सगळ्यांना सांगितलं, मी ओरडलो, गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही. आणि निखिलने — त्या गाढवाने — हॉस्पिटलात माझीच माफी मागितली. पुढे जाऊन कान तपासून घेतले. कानात काही दोष निघाला नाही, तर म्हणाला, मग माझंच लक्ष नसणार. मी म्हटलं, नो वरीज, मेट. आता पुस्तिकेतही तसंच छापलंय, की निखिलला हाक ऐकू आली नाही. त्याने पाच प्रती नेल्या.

हल्ली मी लहान मुलांना शिकवतो. गेल्या शनिवारी तो आपल्या मुलीला, ईराला, घेऊन आला. तिच्या हेल्मेटचा पट्टा डाव्या हाताने लावत — उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही — तिला म्हणाला, "काका ओरडले की नीट ऐकायचं हां. बाबासारखं करायचं नाही."

"ओके बाबा, आय विल लिसन," ती म्हणाली.

मला लाज वाटली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही हो. बरं वाटलं. आता तिलाही कळलं होतं, की चूक तिच्या बाबाची होती.