उपटे डॉक्टरांच्या बायकोचा दात

कल्याणात आमच्या समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना एकच इलाज येत असे, उपटणे. दाढ किडली, उपटा. हिरडी सुजली, उपटा. दिवा गावाहून आलेल्या एका आगरी बाईचा कान दुखत होता, तर तिचीही दाढ त्यांनी काढली. कान दुखतच राहिला. लोक त्यांना 'उपटे डॉक्टर' म्हणत आणि त्यांना तो किताब वाटे.

"देवाने बत्तीस दिलेत, एका-दोनाचं काय घेऊन बसता?" असं ते रडणाऱ्या माणसाला सुनवत. स्वतःची किडकी दाढ मात्र लवंग धरून सांभाळत.

एके वर्षी त्यांच्या बायकोच्या, आमच्या सुमतीवहिनींच्या, वरच्या पुढच्या दाताशी हिरडीत फुगा आला. डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिला.

"उद्या काढून टाकू दात."

"अहो, पुढचा दात! माझं वय काय?"

"मग खोटा बसवू. कोणाला कळणारेय?"

माहेरी जाते असं सांगून वहिनी मला सोबत घेऊन ठाण्याला गेल्या. तिथल्या तरुण दंतवैद्याने एक्स-रे काढला. "मुळाशी हाडात पाण्याची पिशवी झालीय. ती काढू. दाताने काय पाप केलंय?" त्याने दात आतून साफ करून भरला. पुढच्या खेपेला हिरडी बधिर करून उचलली, हाड जरासं कोरून पिशवी अख्खी काढली, मुळाचं टोक छाटलं आणि टाके घातले. वहिनींनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले.

घरी सुजलेला ओठ पाहून डॉक्टर खेकसले, "दात कुठाय?"

"तोंडात," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी अबोला धरला. पण दात पक्का राहिला, गावात बोलबाला झाला, तेव्हा गृहस्थांनी तो आपल्याच नावावर चढवला! तसाच फुगा आलेली एक मुलगी दवाखान्यात आली, तर वहिनींना हाक मारली, "अगं, दाखव हिला माझं काम."

वहिनींनी ओठ वर करून नीट दाखवलं. मग त्या मुलीला म्हणाल्या, "तू ठाण्याला जा, बाळ. यांना दात काढता येतो, ठेवता येत नाही."

पुढे डॉक्टरांनी टिटवाळ्याला बिऱ्हाड हलवलं. सामान चढत असताना ते माझ्याकडे आले, घुटमळले.

"तुम्ही होतात ना तिच्याबरोबर? फार दुखलं का हो तिला?"

इतक्या वर्षांत कोणाच्याही बाबतीत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

वहिनी टांग्यात बसल्या होत्या. ते त्यांच्या शेजारी जाऊन बसले, पण टांगा वळेपर्यंत तरी त्यांनी काही विचारलं नाही.