माझ्या हाताची मूठ

नव्वदच्या ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट त्याआधीची, त्याच वर्षाच्या सुरुवातीची. मी इस्पितळात नर्स होते, यजमान तेल कंपनीत टेक्निशियन, आणि आम्ही कुवेतच्या मंगफ भागात राहायचो. कंपनीच्या क्लबात छऱ्याच्या पिस्तुलांनी नेमबाजी करायची रेंज होती. शुक्रवारी सकाळी एक तास फक्त बायकांचा.

कॉलेजात एन.सी.सी.त मी रायफल चालवली होती, पण पिस्तुलाने मला वेडच लावलं. क्लबातली चांगली पिस्तुलं दुसऱ्या कुणीतरी आधीच उचललेली असायची. म्हणून मायदेशी परतणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी तिचं जुनं, अगदी स्वस्तातलं पिस्तूल घेतलं.

"हे पिस्तूल आहे की सांडशी?" यजमानांनी विचारलं.

चूक त्यांची नव्हती. चाप इतका कडक की दाबता दाबता नेम ढळायचा. प्लास्टिकची मूठ माझ्या हातात फिरायची. पहिल्या शुक्रवारी पाचांतले तीन छर्रे मागच्या पत्र्यावर टणटणले.

हसून झाल्यावर यजमानांनीच ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. आतला खटका घासून गुळगुळीत केला, ग्रीस लावलं, नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. चाप लोण्यासारखा झाला. मूठ मात्र त्यांच्या हातची नव्हती.

आमच्या इमारतीखाली रत्नागिरीकडच्या एका चाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. मी पिस्तूल पुढे ठेवल्यावर ते दोन पावलं मागेच सरले.

"बाय, मी दरवाजे करतो. हे काम बापजन्मात केलं नाय. तुझा घरवाला काय बोलतो?"

"त्यांनीच पाठवलंय मला."

"मग माप दे!"

पण मुठीचं माप टेपने कसं घेणार? मी वर धावले, पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक आणली आणि ती मुठीत घट्ट धरली. पाचही बोटं उमटली. चाचांनी तो गोळा दोन्ही हातांनी अलगद उचलून फळीवर ठेवला.

आठवड्याभरात त्यांनी सागवानाची मूठ घडवली. अंगठ्याजवळ टोचली, ती पुन्हा तासली. तिसऱ्या वेळी हातात घेतली तेव्हा कुणीतरी माझा हात हातात घेतल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत बायकांची स्पर्धा झाली. चाचा नमाजाआधी पांढरेशुभ्र कपडे घालून आले आणि यजमानांशेजारी बसले. पहिले चार छर्रे बरे गेले. पाचवा मी शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या निशाणाच्या कागदावर मारला! ती खळखळून हसली, मीही हसले, आणि हसतच नवा छर्रा भरला. पुढचे नीट लागत गेले. शेवटचा थेट मधल्या काळ्या ठिपक्यात.

"बीचोबीच!" चाचा उभेच राहिले. "मूठ माझी हाय!"

अकराजणींत मी चौथी आले. बक्षीस तिघींनाच होतं, पण अभिनंदन चाचांचंच जास्त झालं. एका इंग्रज बाईंनी मूठ हातात धरून पाहिली आणि तिथल्या तिथे स्वतःसाठी एक करायला सांगितली.

गर्दी पांगल्यावर चाचा हळूच म्हणाले, "बाय, मला एक मारू देशील?"

क्लबच्या माणसाने मानेनेच हो म्हटलं. मी छर्रा भरून दिला. चाचांनी एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही मिटला आणि चाप ओढला. छर्रा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. यजमान पोट धरून हसत होते, आणि चाचा बाह्या सावरत म्हणाले, "आणखी एक!"