थिसिस सोडून सगळं

पीएचडी करताना थिसिस इंचाइंचाने वाढतो आणि किस्से मात्र रोज वाढतात. माझा शेवटचा चॅप्टर कितीतरी महिने तिथंच अडकून होता, पण डिपार्टमेंटच्या कट्ट्यावर मी बोलायला लागले की कुणी उठायचं नाव घेत नसे. एकदा मॅडम जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, "हे सगळं लिहून काढलं असतंस तर एव्हाना सबमिशन झालं असतं."  त्या गेल्यावर मी पुढचा किस्सा सुरू केला.

मॅडम म्हणजे माझ्या गाइड. मी भूगोलवाली, पुण्यातल्या बुजलेल्या ओढ्यांवर काम करते. मूळची जळगावची. मी इथं आले तेव्हा मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून नव्या मुलांना मीच सगळं सांगायला लागले. कुठल्या मेसमध्ये रविवारी पाऊल टाकायचं नाही, ऑफिसात कुठल्या टेबलाशी जेवणानंतरच जायचं, कुणाला नुसतं 'सर' म्हटलं की राग येतो. पुढे पुढे मॅडमच नव्या बॅचला सांगू लागल्या, "काही अडलं तर हिला विचारा. हिला थिसिस सोडून सगळं माहीत असतं."

* * *

वैभव वाशीमहून पीएचडीला आला आणि त्याला होस्टेल मिळालं नाही. मी त्याला घेऊन कर्वेनगरमध्ये खोली बघायला गेले. घरमालकीण काकूंनी दारातच मुलाखत घेतली.

"काय करता आपण?"

"पीएचडी करतोय, काकू."

"किती वर्षं चालतं ते?"

"पाच-सहा तरी."

"स्वयंपाक येतो?"

"शिकतोय."

काकूंनी चष्मा काढला. "म्हणजे तेही शिकणंच चाललंय."

खोली मिळाली. संध्याकाळी आम्ही सामान घेऊन रिक्षातून निघालो आणि वैभवने स्पीकरवर काकूंना फोन लावला. "काकू, मी येऊन राहिलो." त्याच्याकडे याचा अर्थ 'मी येतोय' एवढाच. काकूंचं मराठी मात्र पक्कं पुणेरी.

"अहो, किल्ली माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "आपण येऊन राहिलात कुठे?"

वैभव गोंधळला. "सध्या रिक्षात आहे, काकू."

"बरं झालं. तिथं पाच-सहा वर्षं काढता आली तर बघा."

* * *

आता माझ्या सोशल लाइफबद्दल. ते म्हणजे प्राजक्ता. माझी शाळेपासूनची मैत्रीण, खराडीत आयटी कंपनीत आहे. एका शहरात राहून आम्ही फक्त एकमेकींचे स्टेटस बघत होतो. भेटायचं ठरलं की कुणीतरी नवीन मुलगी बॅगा घेऊन स्टेशनवर उतरायची आणि मी तिला आणायला जायचे.

लग्न ठरलं तेव्हा प्राजक्ताचा फोन आला. "तुझ्या सबमिशननंतरचाच मुहूर्त काढायचा म्हणत होते गं. पण गुरुजी म्हणाले, एवढ्या पुढचं पंचांग अजून छापलेलं नाही."

त्या लग्नात मी हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून नकाशे दुरुस्त करत होते. तिचे मामा शेजारी येऊन बसले. कशावर अभ्यास चाललाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुण्यातल्या ओढ्यांवर.

"किती आहेत?"

"बरेचसे बुजवले, मामा. थोडेच उरलेत."

"मग एव्हाना संपायला हवा होता अभ्यास," मामा म्हणाले आणि जिलबी आणायला गेले.

* * *

शेवटी मी ठरवलं, एका दगडात तीन पक्षी मारायचे. रविवारी खराडीच्या बाजूला फील्डवर्क, नव्या मुलांना सोबत न्यायचं म्हणजे त्यांचंही शिक्षण, आणि नंतर प्राजक्ताकडे जेवण. तीही आमच्याबरोबर फिरायला आली.

एका मोठ्या सोसायटीच्या गेटबाहेर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. ही जमीन पूर्वी त्यांचीच होती. मी विचारलं, "आजोबा, इथं ओढा होता का?"

"हुता की. तुमी हुभ्या हाय तितंच."

"मग गेला कुठं?"

"कुटं जातोय? पावसाळ्यात येतो की पार्किंगमदी, गाड्या बगायला."

मुलं भराभरा लिहून घेत होती. प्राजक्ताचा चेहरा मात्र उतरला होता. ती याच सोसायटीत राहायची.

"तुला हे माहीत होतं?" तिने मला विचारलं.

"नकाशावर दिसत होतं."

"मग मी फ्लॅट घेताना बोलली का नाहीस?"

"चॅप्टर पूर्ण झाला नव्हता," मी म्हटलं.

त्या दिवशी जेवायला फक्त वरणभात होता.

* * *

आता माझा प्री-सबमिशन सेमिनार. तो पास झाला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच काळजी करत बसाल.

पण त्या दिवशी माझी अवस्था वाईट होती. आदला आठवडा तीन नव्या मुलींना खोल्या शोधून देण्यात गेला होता. त्यात बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ सर असे, की त्यांच्या प्रश्नानंतर एका मुलाने विषयच बदलला होता म्हणे. मागच्या रांगेत माझी सगळी नवी मंडळी बसली होती. मी येऊ नका म्हटलं होतं, म्हणून झाडून आली होती.

स्लाइड्स संपल्या. सर शांतपणे म्हणाले, "ओढे होते, ते बुजवले. हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. यात तुमचं नवीन काय?"

उत्तर मला पाठ होतं. आरशासमोर म्हटलेलं होतं. पण तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मला वाटलं, गेली एवढी वर्षं इथंच बुजली.

इतक्यात मागून वैभव उभा राहिला. "सर, चहा आलाय. आता देऊ की प्रश्न झाल्यावर?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आलाय तर घेऊन टाकू. गार कशाला करायचा?"

सगळे उठून व्हरांड्यात आले. मी घटाघटा पाणी प्यायले आणि भिंतीला टेकल्या टेकल्या अख्खं उत्तर आठवलं. मॅडमना हळूच म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हेच आत बोल. आणि सावकाश."

सर इकडेतिकडे बघत उभे होते. व्हरांड्यात ना ट्रे, ना कप, ना चहावाला. वैभव एकेक पायरी गाळत जिना उतरत होता. मी कठड्यावरून वाकून विचारलं, "अरे, चहा कुठंय?"

त्याने मान वर केली. "कोणता चहा, ताई?"