साडूंनी शेगडीला लावलेला जॅक

आमचे साडू ‘त्यात काय आहे’ म्हणाले, की पुढे काहीतरी मोडणार हे अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या समस्त मराठी मंडळींना ठाऊक होतं. ‘त्यात काय आहे’ म्हणत त्यांनी घराचं छप्पर शाकारलं, ते गळलं. ‘त्यात काय आहे’ म्हणत माझे केस कापले, आणि मी महिनाभर टोपी घालून ऑफिसात बसलो. मोटारीच्या कारखान्यात त्यांचं रंगाचे थर मोजायचं काम, त्यामुळे माझ्या मेहुणीची पोळीसुद्धा ते मायक्रोमीटर लावून बघत.

शेजारच्या चिनी कुटुंबातली आजी चीनमधल्या कॅन्टनहून कायमची राहायला आली होती. पण ती काही खाईचना. तांदळाच्या वाफवलेल्या पातळ गुंडाळ्या हव्यात, नाहीतर परत जाते म्हणते, असं तिच्या मुलाने कुंपणावरून सांगितलं. त्याला त्या करता येत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी साडूंची स्वतःची आई सहा महिन्यांसाठी येऊन सहा आठवड्यांत परतली होती, घास उतरत नाही म्हणून. “तांदळाचं पीठ आणि वाफ, म्हणजे आपली उकडच की,” ते म्हणाले. “त्यात काय आहे?”

पहिल्या शनिवारी त्यांनी खरोखरच उकड काढून, मळून पोळपाटावर लाटली. तो चिवट प्रकार आम्ही आमटीत सोडून मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्या शनिवारी पातळ पीठ ट्रेमध्ये ओतून वाफवलं, तर ते एका बाजूला जाड आणि दुसरीकडे फाटलेलं. तिसऱ्या शनिवारी मी गेलो तेव्हा शेगडीखाली गाडीचा जॅक होता आणि साडू पालथे पडून तो फिरवत होते.

“अहो, शेगडी आहे ती, गाडी नव्हे,” मेहुणी म्हणाली.

“लेव्हलचा प्रॉब्लेम आहे,” खालून उत्तर आलं.

आणि जमलं की हो! पापुद्रा असा निघाला, की खालच्या बशीवरची फुलं दिसत होती. सुरळीच्या वडीसारखा गुंडाळून, आत कांद्याची पात, वर सोया सॉस. आजीला इंग्रजी येत नव्हतं, साडूंना चिनी, म्हणून ते सरळ मराठीत म्हणाले, “घ्या आजी, गरम आहे.” तिने एक गुंडाळी सावकाश खाल्ली. मग अख्खी बशी स्वतःकडे ओढली. साडूंनी त्याच तेलकट हातांनी फोन लावून गावभर ही बातमी कळवली. आजी परत गेली नाही.

सगळे पांगल्यावर ते म्हणाले, “आईने उकड मागितली होती रे. मी म्हणालो, त्यात काय आहे, ब्रेडची सवय होईल.” मग तिथेच ओट्यावर पत्र लिहायला बसले. आता ये, उकड मी करीन.

आईचं उत्तर आलं, गुडघे दुखतात, थंडी सरू दे, मग बघू. थंड्या बऱ्याच सरल्या. साडूंनी जॅक काही काढला नाही.