शंभरात पाच

आकड्यांचा लिफाफा फोडण्याआधी ते कोऱ्या कागदावर ‘५ टक्के’ लिहायचे, खाली सही करायचे आणि म्हणायचे, “आधी पातळी, मग आकडे. उलटं केलं की माणूस लबाड होतो बघा.”

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळुरूच्या एका औषध कंपनीत लागलो, तेव्हा सांख्यिकीचं काम ते एकटेच बघत. मूळचे निपाणीकडचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी रेंगाळायचो.

“सार्थकता पातळी म्हणजे नेमकं काय हो?” मी एकदा विचारलं.

“औषधात दम नसताना ‘गुण आला’ म्हणून बसायचा धोका. शंभरात पाच वेळा तसं चुकलं तर चालेल, हे आधीच कबूल करायचं. सरी? ठीक?”

कॅन्टीनची कॉफी बदलली तेव्हा त्यांनी आम्हाला डोळे मिटून जुनी-नवी ओळखायला लावली. निकाल दिला, “फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे फरक नाहीच, असं नव्हे हं!” सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरा. जेवायला मात्र त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे.

मग सांधेदुखीच्या गोळीचे आकडे आले. गोळी निरुपयोगी असती, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सात निघाली. साहेब म्हणाले, “पातळी दहा करून टाका, गोळी पास होईल.”

“आता नाही जमायचं. आकडे बघून झालेत.”

साहेबांनी अहवाल माझ्याकडून लिहून घेतला. मी दहा लिहिलं. नोकरी नवी होती, एवढंच कारण.

माझा अहवाल वाचून त्यांनी राजीनामा दिला. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी धीर करून शहराच्या कडेला के. आर. पुरमला त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी उप्पीट केलं, मला आग्रह करकरून वाढलं. मी अहवालाचा विषय काढताच म्हणाले, “खावा की आधी, गार होईल.” स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी वाकून विचारलं, “पुढच्या रविवारी येताय न्हवं?”

“येतो की,” मी म्हणालो.

गेलो नाही. लाजेनं म्हणा, कंटाळ्यानं म्हणा. पावसाळा सरल्यावर गेलो, तर खोलीला कुलूप. शेजारच्या अक्कांनी सांगितलं, गावाकडे गेले, पत्ता ठेवला नाही.

“पण दर रविवारी सकाळी स्टेशनवर जात होते हं,” त्या म्हणाल्या. “कोणी पाहुणे येणार म्हणायचे.”